पायाळूचा पाय आणि पोरीची मान

"लाव! लाव म्हणते ना पाय!" आत्याबाई वरडत होत्या. आत्याबाई म्हंजी माझी सासू. माझा उजवा पाय हवेत, हात दाराच्या चौकटीला, आणि खाली उंबऱ्यात माझी पोरगी पालथी निजवलेली. सासूनं तिचे खांदे दाबून धरलेले, शेजारच्या वहिनींनी पाय धरलेले, दारात निम्मी चाळ गोळा झालेली. पोरीचं डोकं डाव्या खांद्यावर कललेलं आणि हनुवटी उजवीकडं वळलेली, कोंबडी कशी दाणा टिपायच्या आधी मान वाकडी करून एका डोळ्यानं बघती, तशी. आणि तशीच अडकलेली. आदल्या दिसापासनं तशीच.

मी पाय खाली आणला. तळवा टेकला पण न्हाई, अंगठ्याची कड तेवढी मानेला लागली असंल, आणि पोरगी अशी किंचाळली की मी पाय वर उचलला. उसणीचं वरडणं मला ठावं हाय. मोठी मोठी माणसं माझ्या पायाखाली वरडलीत, "आई आई गं" म्हणत्यात आणि मग हसत्यात. हे तसं न्हवतं. अंग तर असं तापलेलं की माझ्या अंगठ्याला चटका बसला, आणि तोंडातनं लाळ गळून उंबऱ्याचं लाकूड ओलं झालेलं. लाळ कशापायी? मान लचकली म्हणून लाळ गळती व्हय कुणाची? मला कळंना. काहीच कळंना, पण पाय परत खाली जाईना.

पाय माझाच कशाला, ते आधी सांगते. मी पायाळू. जन्मताना माझं डोकं आधी आलं न्हाई, पाय आधी आले. आणि पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरती, असं आमच्याकडं सगळे मानत्यात. पाठीत न्हाईतर मानेत चमक भरती, माणूस लाकडासारखा ताठ होतो, वळता येत न्हाई, ती उसण. माझं माहेर महाळुंगे, चाकणच्या अंगाला. तिथं कांदा काढायच्या दिसात आमच्या दारात माणसं पालथी पडायची. मी एवढीशी, नाकाला शेंबूड, फ्रॉकाचा बंद सुटलेला, आणि मला उचलून गावच्या थोराच्या पाठीवर उभी करायचे. शाळा पाचवीत सुटली पण पायाचं काम सुटलं न्हाई.

लग्न होऊन चिंचवडला आले. बैठी चाळ, वर पत्रा, पुढं सगळ्यांचा मिळून एक नळ. हे कंपनीत लेथवर. ह्यांनी तिथं कुणाला तरी सांगितलं, "आमची मंडळी पायाळू हाय." झालं. पहिली शिफ्ट सुटली की कुणीतरी मान वाकडी करून दारात हजर. एक फिटर आले होते, बायकोला घेऊन आले. उंबऱ्यात पालथे पडले आणि म्हणतात, "वहिनी, जरा हळू बरं का, सकाळी घरी एक बसलीच हाय." तर बायको मागनं म्हणती, "मग आता दुसऱ्या अंगाला मारा, म्हंजी दोन्हीकडनं सारखी होईल." सगळी चाळ हसली. मीपण हसले. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. स्वयपाक कुणाचाबी चांगला असतो, पण पाय माझाच लागायचा.

पायात खरंच काय हाय का, ते मला कवाच कळलं न्हाई. दोन-चार दिसात बहुतेक माणसं बरी व्हायची आणि येऊन सांगायची. जी बरी झाली न्हाईत ती परत यायचीच न्हाईत. मग कळायचं कसं?

तर पोरीचं. पाच पुरी होऊन सहावं लागलेलं तिला. उन्हाळ्याचे दिस, पत्रा तापून घरात भट्टी. आधी ताप आला, घसा दुखायला लागला, पाणी गिळताना डोळ्यातनं पाणी काढायची. आत्याबाई म्हणल्या, "गारेगार चोखायला कुणी दिलं हिला?" मीच दिलं होतं. कंपनीच्या कामगारांच्या इम्याच्या दवाखान्यातनं लाल औषध आणलं, ताप उतरला, पोरगी खेळायला लागली, मी म्हणलं सुटले. आणि मग पाय लावायच्या आदल्या दिशी सकाळी उठली ती मान वाकडी करूनच. म्हणली, "आई, माझं डोकं सरळ होईना." मी म्हणलं उशीवर वाकडी निजली असशील. शेक दिला. दुपारी जेवंना. आत्याबाई म्हणल्या, "अगं उसण भरलीय, घरात गंगा आणि तू तहानलेली! सकाळी लाव पाय." आणि सकाळी तिला परत कणकण आलेली होती, तरी लावायला उभी राहिले. मी न्हाई तर कोण लावणार?

मी पाय मागं घेतला.

"काय झालं?" आत्याबाई.

"ताप हाय तिला आत्याबाई. परत चढलाय."

"ताप असू दे, ताप दुखण्याचा हाय. तू लाव."

"तिला गिळता येत न्हाई, बघा की लाळ..."

"जगाच्या मानेवर पाय देती, आणि पोटच्या पोरीच्या येळंला तुझा पाय भारी झाला व्हय गं?"

दारातनं कुणीतरी म्हणलं, "आईचा पाय लेकराला लागत नसंल." दुसरी म्हणली, "असं कुठं असतंय?" तिसरी म्हणती, "मग आजीनं जरा मान धरून अल्लाद सरळ करावी, टक्कन आवाज आला की बसती." आणि आत्याबाईंनी खांद्यावरचे हात काढून पोरीच्या कानशिलाकडं न्हेले. माझ्या आईची शपथ, मी आजवर कधी सासूच्या हाताला हात लावून तो बाजूला केला न्हवता. त्या दिशी केला. खाली बसले, पोरीला तशीच, डोकं जसं कललंय तसंच ठेवून, छातीशी धरलं. तिचा गाल माझ्या गळ्याशी. सरळ करायचं न्हाई एवढंच डोक्यात होतं. का न्हाई, ते ठावं न्हवतं.

वहिनींना म्हणलं, "कंपनीच्या गेटवर निरोप द्या ह्यांना," आणि निघाले. पायात चप्पल न्हाई. डांबर भाजत होतं, पळायचं होतं पण पळता येत न्हवतं, पळलं की पोरगी कण्हायची. चालले तर वाटायचं उशीर होतोय. अशी अर्धं पळत अर्धं चालत गेले. मागं वळून बघते तर आत्याबाई पदर खोचून माझ्या मागं, आणि तोंड चालूच. "उन्हातनं न्हेती पोरीला! डॉक्टर काय पायाळू हाय व्हय?"

इम्याच्या दवाखान्यात ही गर्दी. मी म्हणलं आता नंबर कधी लागायचा. पण डॉक्टरांनी दुसऱ्याला तपासता तपासता नुसतं वर बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि उठलेच. मला म्हणाले, "तशीच धरून ठेवा. हलवू नका. खाली बसा."

आणि मग एकामागनं एक विचारत गेले, मला श्वास घ्यायला पण सवड न्हाई. मान कधीपासनं अशी? आधी ताप होता? घसा दुखला होता? पडली का कुठं, झोपाळ्यावरनं, झाडावरनं? उलटीसाठी सुई-गोळी दिली होती का कुठली? गिळता येतंय? तोंड पुरतं उघडतंय? हातापायाला मुंग्या? लघवी नीट होते? मी व्हय न्हाई व्हय न्हाई करत गेले. मग त्यांनी पोरीला म्हणलं, "माझं बोट दाब बघू. दुसऱ्या हातानं. आता पायानं मला ढकल." तिनं ढकललं. डॉक्टरांनी तवा श्वास सोडला, मला ऐकू आला.

मग बोटाच्या टोकानं, अगदी फुंकर घालावी तसं, त्यांनी तिच्या मानेच्या दोन्ही बाजू चाचपल्या. मला म्हणाले, "इकडे बोट लावा. हलकं." डाव्या अंगाला, जिकडं डोकं कललं होतं, तिकडची शीर मऊ. उजवीकडची दोरीसारखी ताठ.

"नुसती मान लचकली असती," ते म्हणाले, "तर ज्या बाजूला डोकं ओढलं गेलंय ती बाजू आखडलेली असते, तीच ओढत असते. हिची उलटी बाजू ताठ आहे. ती बाजू डोकं जागेवर आणायला धडपडतेय आणि येत नाहीये. म्हणजे आत काहीतरी अडलंय." मग माझ्याकडं बघून, "कुणी ओढली का मान? चोळली? झटका दिला?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणल्या, "कुठलं काय! हिनं पाय लावायचा तर अंगठा लावून माघारी घेतला."

"पाय?"

"पायाळू हाय ना ती."

डॉक्टर माझ्या पायाकडं बघायला लागले. मी पाय लुगड्यात ओढून घेतले. वाटलं आता हे हासत्यात न्हाईतर वरडत्यात. ते दोन्हीतलं काही करीनात. नर्सबाईंकडनं एक वर्तमानपत्र मागून घेतलं, त्याची लांब घडी घातली, टॉवेलात गुंडाळली आणि पोरीच्या गळ्याभोवती अशी बसवली की डोकं कललेलंच राहिलं पण हलंना. म्हणाले, "आता जशी आहे तशीच झोपवून पुण्याला न्यायची. गाडी देतो. वाटेत कुणीही, कितीही मायेनं, मान सरळ करायची नाही. आजी, तुम्हाला सांगतोय."

"मी काय केलंय?" आत्याबाई म्हणल्या, पण गाडीत चढल्या. मला त्यांना उतरा म्हणायचा धीर झाला न्हाई. आणि खरं सांगते, एकटीनं जायचापण न्हवता.

पुण्यातलं मोठं हॉस्पिटल. तिथं पोरीचं तोंड उघडायला लावून फोटो काढला, मानेचा. तोंड उघडंना तिचं, रडायची, मी बाहेर भिंतीला नख खरवडत उभी. हे तवर कंपनीतनं तसेच आले होते, हातापायाला काळं ऑइल, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मला विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणलं, "मला ठावं न्हाई." परत विचारलं, "काय झालं?" मी परत तेच. आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणल्या, "तुझ्या बायकूला इचार."

तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. मला त्यात धूर दिसला नुसता. मग त्यांनी डाव्या हाताच्या बोटांचं कडं केलं आणि उजव्या हाताचं बोट त्यात उभं घातलं. म्हणाले, डोक्याच्या खालचा पहिला मणका असा कड्यासारखा असतो, त्यात दुसऱ्या मणक्याचा हा खुंटा. त्यावर डोकं फिरतं. ह्या दोघांना बांधून ठेवणारे बंध असतात. पोरीच्या घशात सूज आली, ती मागं ह्या बंधांपर्यंत उतरली, बंध ढिले पडले, आणि झोपेत वळताना कडं खुंट्यावर फिरून अडकलं. लहान पोरांत होतं असं, लई न्हाई पण होतं. पडून तर काहीच झालेलं न्हाई, नुसत्या घशामुळं.

हे म्हणले, "म्हंजी साहेब, बेअरिंग सीटमधनं सरकावं तसं?"

"अगदी तसंच. आणि बेअरिंग काय हातोड्यानं ठोकून बसवतात का?"

"बसवतात की साहेब," हे म्हणले. "पण मग ते बेअरिंग वाया जातं."

डॉक्टरांना हासू आलं पण त्यांनी ते तोंडावर येऊ दिलं न्हाई. म्हणाले, "ह्या खुंट्याच्या मागून सगळ्या शरीराची मुख्य नस जाते. कुणी जोरात पिळलं असतं, झटका दिला असता, वर पाय देऊन दाबलं असतं, तर हातपाय जाऊ शकले असते. श्वाससुद्धा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. आत्याबाई पंख्याकडं बघत होत्या, जसं काय त्या गावच्याच न्हाईत.

मग वजन लावलं. पोरीला कॉटवर उताणी, हनुवटीखालनं आणि डोक्यामागनं मऊ पट्टा, त्याला दोरी, दोरी उशाच्या लोखंडी चाकावरनं खाली, आणि तिला वाळूची पिशवी लोंबती. ती पिशवी हळू हळू, सारखी, ओढत राहणार. झटका न्हाई. सुया सुरू केल्या सुजेसाठी. मला वाटलेलं पोरगी दोरी बघून आकांत करंल, तर ती म्हणती, "आई, मला बैलासारखी दाव्याला बांधली." आणि मग, "मला वैरण घाल की." मी पेज भरवली चमच्यानं. एक चमचा गिळला, दुसरा गिळला. तिनं गिळलं की माझापण घसा हलायचा.

मला बसवंना तिथं. बसले की वाटायचं पिशवी जमिनीला टेकली असंल, उठून बघायची. उठले की वाटायचं पट्टा सरकला. नर्सबाईंना किती येळा विचारलं असंल, "ताई, बरोबर हाय ना?" शेवटी त्या म्हणल्या, "बाई, पिशवीला नजर लागेल आता तुमची." पोरीच्या तळपायाला दर घटकेला बोट लावून गुदगुली करायची, तिनं पाय ओढला की मला बरं वाटायचं, मग परत भ्या. ती वैतागली, "आई, माझा पाय हाय तिथंच हाय!"

आत्याबाई घरी जायला तयार न्हाईत. कॉटच्या खाली, फरशीवर, कपड्याची पिशवी उशाला घेऊन पडायच्या. मला म्हणायच्या, "तू जा, दोन घास खाऊन ये, मी बघते," आणि मी जायची न्हाई. मला त्यांचा भरवसा न्हवता. त्यांना ते कळत होतं. एकदा म्हणल्या, "अगं मी काय वैरीण हाय का तिची? माझ्या हातानं न्हाऊ घातलीय तिला, पहिल्या दिसापासनं." मी म्हणलं, "न्हाई हो आत्याबाई." आणि तरी गेले न्हाई.

एक सकाळ उजाडली आणि पोरगी नुसती छताकडं बघत होती. दोन्ही डोळ्यांनी, नाक बरोबर मधी. मी आधी ओळखलंच न्हाई काय बदललंय. मग वरडले, तशी नर्स पळत आली, काय झालं म्हणून. डॉक्टरांनी परत फोटो काढला, म्हणाले, जागेवर आलंय. पण ढिले बंध आवळायला वेळ लागणार, तवर परत निसटू शकतं. कडक कॉलर दिली गळ्यात घालायला. झोपतानापण काढायची न्हाई. उड्या न्हाईत, कुस्ती न्हाई, कुणी खांद्यावर घ्यायचं न्हाई, केस इंचरताना मान ओढायची न्हाई. आणि परत ताप, परत वाकडी, हाताला मुंग्या, चालताना पाय अडखळला, ह्यातलं काही झालं की तेल न्हाई, शेक न्हाई, तडक इकडं.

मी विचारलं, "मग मोठ्या माणसांची उसण डॉक्टर? ती पण अशीच असती?" ते म्हणाले, "नाही. रात्री वाकडं झोपलं, जड उचललं, मान धरली, एरवी माणूस ठणठणीत, ताप नाही, मार नाही, हातात बधिरपणा नाही, तर तो स्नायू आखडलेला असतो. शेक द्या, विश्रांती, मान दुखणार नाही इतपत हळूहळू हलवायची. दोन-चार दिवसांत आपोआप सुटतो."

आपोआप. 

घरी आलो तर चाळीत पोरगी म्हंजी जत्रेतला पाळणा. सगळे बघायला. "वळव बघू मान." "दुखतं का इथं?" आणि बोट पुढं. मी मधी उभी राहायची. आणि बाहेर नळावर आत्याबाई सांगत होत्या, मी माझ्या कानानं ऐकलं, "डॉक्टरनं दोरी बांधली ते खरं, पण आधी हिचा अंगठा लागलेला ना मानंला. त्यानंच निम्मी उतरली होती. पुरता लावला असता तर पुण्याला जायचं काम न्हवतं." आणि बाया मान हलवत होत्या. त्यातल्या दोघी माझ्याकडं आल्या पण, एकीच्या दिराची उसण, एकीच्या भावाची. मी म्हणलं, आता मी पाय लावत न्हाई. तर म्हणतात, "व्हय, आता तुमी मोठ्या डॉक्टरच्या ओळखीच्या."

कॉलरमुळं पोरीच्या गळ्याला घामोळं उठलं. पत्र्याखाली ती दिसभर खाजवायची, रडायची, "काढ ना आई, जरा येळ काढ." मी कडेकडंनं ओलं फडकं फिरवायची, काढायची न्हाई. आत्याबाईंना ते बघवायचं न्हाई. म्हणायच्या, "कुत्र्याला पट्टा घालत्यात तसं करून ठेवलंय लेकराला." मी पाण्याला गेले की दारातनं माझी नजर आत, भांड्याला गेले की नजर आत. हंडा भरून वाहायचा, बाया वरडायच्या.

आणि मग परवा सकाळी आत्याबाईंचीच मान धरली.

हॉस्पिटलातल्या फरशीवर कित्येक दिस वाकडं पडून, वर वय. उठल्या त्या डोकं उजव्या खांद्याला लावूनच. वळायचं तर सगळं अंग वळवायच्या. मी हातातलं पीठ तसंच ठेवून पळाले. ताप बघितला, न्हाई. घसा? न्हाई. पडलाबिडलात? न्हाई. हाताला मुंग्या? "मुंग्या न्हाईत अन् मुंगळे न्हाईत, मान दुखतीया नुसती!" मी बोटानं चाचपलं. जिकडं डोकं कललेलं त्याच बाजूला गोळा, कडक. हे उसणच. साधी. मी मीठ भाजलं, फडक्यात पुरचुंडी बांधली, शेक द्यायला लागले. म्हणलं, "आत्याबाई, दोन-चार दिसात सुटंल बघा, डॉक्टर म्हणलेत."

त्या पाटावर बसल्या होत्या, माझ्याकडं पाठ करून. पुरचुंडी बाजूला सारली.

"तुझ्या पायात हाय ते मिठात न्हाई," म्हणल्या. "लाव."

"आत्याबाई, आता मी..."

"साऱ्या चिंचवडाला लावलास. मी तुझ्या पोरीपायी फरशीवर पडले, म्हणून धरली ही मान. मला न्हाई लावणार?" आवाज असा झाला त्यांचा, मी कधी ऐकला न्हवता. डोळ्यातनं पाणी, आणि डोकं कललेलं म्हणून ते पाणी नाकावरनं आडवं जात होतं.

पोरगी कॉटवर बसून बघत होती, कॉलरच्या वरनं.

मी पाय लावला असता तर काय बिघडणार होतं? काही न्हाई. अल्लाद टेकवायचा आणि काढायचा. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं, आणि दोन-चार दिसात मान सुटणारच होती. मी तर लावायलाच निघाले होते. पण तेवढ्यात त्या म्हणल्या, मागं न वळता, मान वळतच न्हवती, "माझी उतरली की मग पोरीच्या मानंला पण एकदा हलका लाव. म्हंजी तो पट्टा निघंल तिचा. तू न्हाई लावलास तर मी महाळुंग्याकडनं दुसरा कुणी पायाळू बोलवून घेईन, तू नळावर गेलीस की."

दुसरा पायाळू. मी नळावर गेले की.

लावला, आणि त्यांची मान सुटली, तर त्यांना वाटणार पायानंच सुटली, आणि मग पोरीची कॉलर कोण वाचवणार? न्हाई लावला, तर त्या मान धरून रडत बसणार, चाळ मला दगडाच्या काळजाची म्हणणार, आणि रागानं त्या दुसऱ्याला बोलावणार ते बोलावणारच. ह्यांना सांगावं तर ह्यांची दुसरी शिफ्ट, आणि आईपुढं ह्यांचं तोंड उघडत न्हाई. पोरगी म्हणली, "आई, आजीला बरं कर ना."

मी चहाचं निमित्त करून स्टोपाशी गेले आणि पंप मारत बसले, मारत बसले, स्टो भडकला तरी मारत बसले. मागं आत्याबाई कण्हत होत्या आणि पोरीचं खाजवणं ऐकू येत होतं. तुमी बायाबापड्यांनो, तुमच्या घरात सासू हाय, लेकरू हाय, तुमीच सांगा, माझ्या जागी तुमी उठून काय केलं असतं?